आत्याच्या विहिरीचं कलम

मु. पो. तेर, जि. धाराशिव
कार्तिक वद्य पंचमी

तीर्थरूप गजराबाई आत्यांच्या पायांवर वैजनाथचं डोकं.

पत्रास कारण की, सोबत जोडलेल्या ना-हरकत कागदावर आपण अंगठा उठवून तो कंपनीकडे परत पाठवावा, अशी कंपनीच्या वतीने आपणास नम्र विनंती आहे.

झालं. आता आपण निवांत बोलू. (प्रतीक्षा, तू आजीला पत्र वाचून दाखवते आहेस, म्हणून तुला सांगतो. वरची ओळ आजीसाठी नाही, आमच्या साहेबांसाठी आहे. आमचे कृष्णराज साहेब कुठलाही कागद हातात आला की नमस्कार सोडून पहिली ओळ वाचतात, मग शेवटची ओळ वाचतात आणि मान हलवतात. मधे काय असतं असं विचारलं तर म्हणतात, मधे भरणा असतो. तेव्हा या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आपल्याला कुणाची अडचण नाही.)

आत्या, ऑपरेशन झालेला डोळा आता कसा आहे? थेंब दिवसातून चारदा घालायचे असं डॉक्टर म्हणाले होते, ते चारदाच घाला. जास्त घातले म्हणजे लवकर दिसतं असं नसतं. पट्टी काढल्यावर तुम्हाला सून पहिल्यांदा नीट दिसली आणि तुम्ही "बारीक झालीस की गं" म्हणालात, हे तुमच्या शिवप्पानं मला फोनवर सांगितलं. सून दोन दिवस खुशीत होती म्हणे. हे सगळं फोनवरच विचारलं असतं, पण फोनवर तुम्ही पंधरा मिनिटं नुसतं "व्हय, व्हय" म्हणता आणि शेवटी "कोन बोलतंय?" असं विचारता. शिवाय कागदावर अंगठा हवा म्हणजे कागदच पाठवावा लागतो. इकडे तेरला सर्व ठीक. तुमच्या घराचं कुलूप दर सोमवारी काढून, झाडलोट करून, परत लावतो. चिमण्यांनी देवळीत घर केलं आहे, त्यांना उठवलं नाही.

आता तो कागद कुठून आला हे सांगतो. ते सांगायचं तर कंपनीचं पर्यावरण धोरण कसं लिहिलं हे सांगावं लागेल, आणि ते मी लिहिलं असल्यामुळे थोडा वेळ लागेल. धोरण म्हणजे आपली कंपनी हवा, पाणी आणि माती यांच्याशी कशी वागणार हे लिहून, खाली मालकानं सही करून, भिंतीवर लावायचा कागद. पुण्याची एक मोठी हॉटेलवाली मंडळी आमच्या डेअरीचं पनीर घ्यायला तयार झाली, पण त्यांनी अट घातली की आधी धोरण दाखवा. साहेबांनी मला बोलावलं, कारण मी मराठी घेऊन बी.ए. झालेलो आहे आणि गावातल्या सगळ्या लग्नपत्रिकांचा मजकूर मीच लिहितो. मी आठवडाभर खपून चौदा पानं लिहिली. सुरुवात पंचमहाभूतांपासून केली होती. पनीर अकराव्या पानावर येत होतं. साहेबांनी पहिली ओळ वाचली, शेवटची वाचली, चांगलं आहे म्हणाले, पण हे चौकटीत मावणार नाही म्हणाले. नेटवरून एखाद्या कंपनीचं घे आणि नाव बदल, असा सल्ला त्यांनी दिला.

मी तसं केलं. एका परदेशी कंपनीचं धोरण घेतलं, मोबाईलकडून त्याचं मराठी करून घेतलं आणि जिथं जिथं त्यांचं नाव होतं तिथं तिथं आमचं घातलं. आत्या, खोटं कशाला बोलू, मी फक्त नावं शोधली. मधलं मीही वाचलं नाही. (साहेबांचा हा रोग लागट आहे.) ती कंपनी जहाजांची होती. साहेबांनी सही केली, कागद काचेच्या चौकटीत गेला आणि फाटकाजवळच्या भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी टांगला गेला. त्यात आम्ही जाहीर केलं होतं की आमच्या जहाजांमुळे समुद्री कासवांच्या अंडी घालण्याच्या जागांना कोणतीही बाधा पोहोचणार नाही. पौषापासून वैशाखापर्यंत तो कागद तिथं होता. येणाऱ्याजाणाऱ्यानं नमस्कार केला तो देवाला की कासवांना, हे सांगता येत नाही. सबंध कंपनीत तो पुरता वाचणारा माणूस एकच, आपला बॉयलरवाला बंडप्पा. त्याला नंतर मी रागानं विचारलं की बाबा, तू वाचलंस तर बोलला का नाहीस. तो म्हणाला, "आमी म्हनलं, घेतली आसतील साहेबानं जहाजं. मोठ्या मानसाचं काय सांगावं."

वैशाखात पुण्याहून अर्पिता मॅडम आल्या. पनीर घेणाऱ्या मंडळींकडून तपासणी करणं हे त्यांचं काम. वय तिशीच्या आत, पायात साधी चप्पल, आणि हातात पाण्याची स्वतःची बाटली. त्या चौकटीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. आमच्या इथं अशी सवय कुणाला नसल्यामुळे आम्ही सगळे अवघडून उभे होतो. वाचून झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं की तुमची जहाजं कुठं लागतात. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून तेरणा नदीकडे पाहिलं. वैशाखाच्या त्या दिवशी तेरणेत जहाज सोडा, म्हशीला बसायलाही पाणी नव्हतं. मला इतकी शरम वाटली की धरणीनं पोटात घ्यावं, आणि धरणीसुद्धा त्या दिवसांत तापलेली होती.

मॅडम रागावल्या नाहीत. माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसल्या, चहा घेतला, आणि शाळेत कुणी शिकवलं नाही ते मला अर्ध्या तासात शिकवलं. धोरण म्हणजे निबंध नव्हे, शब्द देणं आहे, म्हणाल्या. दिलेला शब्द अर्ध्या पानात मावतो, न पाळायचा असला की चौदा पानं लागतात. (हे त्या सहज बोलल्या, माझ्या चौदा पानांची त्यांना कल्पना नव्हती.) प्रत्येक कलमाला चार प्रश्न विचारायचे. काय करणार, कोण करणार, कधीपर्यंत करणार, आणि केलं की नाही हे कोण बघणार. ज्या कलमाला चौथ्या प्रश्नाचं उत्तर नाही ते खोडून टाकायचं, कारण ते शोभेचं असतं. मग त्यांनी विचारलं की या फाटकातून बाहेर काय काय जातं. मी पनीर म्हणालो. त्या म्हणाल्या, पनीर सोडून. मी बॉयलरचा धूर सांगितला. फाटलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या सांगितल्या. तिसरं मला माहीत होतं, पण मी चहाच्या कपात बघत बसलो. ते बंडप्पानं दारातूनच सांगितलं. "पनीरचं पानी जातंय की. ह्या चरातनं वढ्याला, वढ्यातनं गजराआत्याच्या हिरीला." मॅडमनी वहीत तुमचं नाव लिहून घेतलं. आडनाव विचारलं, तेही बंडप्पानंच सांगितलं.

आत्या, दहा लिटर दुधाचं पनीर केलं की आठ-साडेआठ लिटर आंबूस पाणी उरतं. एक बादली असेल तर म्हैस आवडीनं पिते. रोज चरातून वाहत राहिलं की ते नासतं, मुरतं, आणि जिथं पाणी गोड असेल तिथं जाऊन त्याची माती करतं. ती विहीर तुम्ही आणि मामांनी खणली. मामा खाली सुरुंगाचे दगड फोडायचे आणि तुम्ही टोपलं डोक्यावर घेऊन पायऱ्या चढायचात, शिवप्पा पोटात असताना सातव्या महिन्यापर्यंत. मी तिच्यातच पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलो आणि पोहता यायला लागल्यावर भोपळा तुम्ही परत मागून घेतला, बियांसाठी. आता पाण्यावर साय धरल्यासारखा पांढरा थर असतो. वाऱ्याची दिशा बदलली की वास वेशीपर्यंत येतो. कंपनीत याला अफवा म्हणतात. ती अफवा मी ज्येष्ठात ओंजळभर पिऊन पाहिली आणि दोन दिवस रजेवर होतो.

गेल्या येळवशीचं, मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येचं, मला सारखं आठवतं. गाव रिकामं झालेलं, माणसं सगळी आपापल्या शेतात. तुमच्या शेतात कडब्याची कोप उभी, आत चुना लावलेल्या दगडांचे पाच पांडव मांडलेले, भज्जी, उंडे, सगळं घरून आलेलं. तुमच्या घरची रीत अशी की आंबील घरून आणायची, पण तिच्यात शेवटचा तांब्या आपल्या विहिरीचा घालायचा. विहिरीचा वाटा पडल्याशिवाय आंबील शेताची होत नाही, असं तुम्ही म्हणता. तुम्ही तांब्या भरून आणला, नाकाशी नेला, आणि खाली ठेवला. कोपीत बारा-पंधरा माणसं होती. तुम्ही माझ्याकडे बघून विचारलंत, "वैजू, पानी आसं का झालं रं?" मी म्हणालो, पाऊस कमी झाला, आत्या. त्या वर्षी तुम्ही शेतात आंबील शिंपली नाही. पुढच्या आठवड्यात शिवप्पाबरोबर पुण्याला गेलात. जाताना एसटीच्या खिडकीतून म्हणालात, "जितल्या हिरीचं पानी देवाला चालत न्हाय, तितं म्या येळवस कशाला करू?" तेव्हापासून शेत आहे, कोप नाही. मला वाईट वाटतं, आत्या. लई वाईट वाटतं.

तर मॅडम गेल्यावर एका रविवारी दुपारी मी वही घेऊन तुमच्या विहिरीच्या काठावर बसलो आणि नाकाला रुमाल बांधून धोरण लिहिलं. पहिलं कलम धुराचं, दुसरं पिशव्यांचं. ती दोन्ही बरी उतरली. तिसरं पाण्याचं. पनीरच्या पाण्यासाठी टाकी बांधणार, व्यवस्थापकीय संचालक बांधणार (म्हणजे साहेब), दसऱ्यापर्यंत बांधणार, आणि चर बुजवणार. चौथ्या प्रश्नापाशी गाडी अडली. बांधल्यानंतर पाणी सुधारलं की नाही हे कोण बघणार? तपासणीचा अहवाल लिहावा तर अहवालालाही पहिली ओळ असते आणि शेवटची ओळ असते. मी विचार केला की या विहिरीचं पाणी चांगलं की वाईट हे आजवर कोण ठरवत आलं. मग मी लिहिलं, जसंच्या तसं देतो: "दरवर्षी येळवशीच्या दिवशी श्रीमती गजराबाई यांच्या शेतात, त्यांच्या विहिरीचा तांब्या घातलेली आंबील व्यवस्थापकीय संचालक सर्वांसमक्ष एक वाटी पितील. आंबील नाकारल्यास धोरण मोडले असे समजावे." वर पहिली ओळ घातली की आमची कंपनी निसर्गाचा आदर करते. खाली शेवटची ओळ घातली की हे धोरण सर्वांवर बंधनकारक आहे. साहेबांनी दोन्ही वाचल्या, मान हलवली आणि सही केली. कासवं उतरली, हा कागद चढला.

पाच महिने काही झालं नाही. मॅडमनी तोंडी सांगितलं होतं म्हणून टाकीसाठी खड्डा खणायला घेतला, तो अर्ध्यावर राहिला. पावसाळ्यात त्यात बेडूक झाले. जीवसृष्टीच्या रक्षणाचं एवढंच काम आमच्या कंपनीनं आजवर केलेलं आहे. बंडप्पानं कलम तीन अर्थातच वाचलं होतं. त्यानं एकदा मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं की आंबील फकस्त साहेबालाच हाय का समद्यांना.

गेल्या सोमवारी मॅडम परत आल्या. चौकटीसमोर उभं राहून त्यांनी तिसरं कलम दोनदा वाचलं. यंत्राशिवाय तपासता येईल असं धोरण मी पहिल्यांदा बघते आहे, म्हणाल्या. मग त्यांनी येळवस कधी आहे ते विचारलं, मोबाईलमध्ये तारीख टाकली, आणि आपण त्या दिवशी हजर राहणार असल्याचं साहेबांना सांगितलं. साहेब हसून अवश्य, अवश्य म्हणाले. मॅडमची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर ते चौकटीपाशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका कागदाचं मधलं वाचलं. बोट लावून वाचत होते, ओठ हलत होते. वाचून झाल्यावर मला विचारलं, "वैजनाथ, हे काय आहे?" मी म्हणालो, कलम तीन, साहेब. "यावर मी सही केली?" मी म्हणालो, केली. त्यांनी काचेवरून सहीवर बोट फिरवलं. मग म्हणाले, पाणी आंबट असेल तर आंबिलीला ताक कमी लागेल. पण त्यांना स्वतःलाच हसू आलं नाही.

साहेबांची बाजूही सांगायला हवी. माणूस वाईट नाही. त्यांनी कागद फाडला नाही, भिंतीवरून काढलासुद्धा नाही. येळवशीला आंबील नाकारायची नसते, वैऱ्याच्या कोपीतसुद्धा नाकारायची नसते, हे त्यांच्या आईनं त्यांना शिकवलेलं आहे, आणि मला वाटतं त्यांचा खरा घोर तोच आहे. टाकी बांधायला त्यांना जीव होत नाही आणि वाटी परत करायला धीर होत नाही. दोन दिवस ते जेवले नाहीत असं घरून कळलं. तिसऱ्या दिवशी त्यांना युक्ती सुचली. विहिरीची मालकीणच माझी काही तक्रार नाही असं लिहून देत असेल, तर टाकीही नको आणि आंबीलही नको. मला बोलावून म्हणाले, "तुझीच आत्या ना? मग तुला काय अवघड?" तुम्ही अंगठा दिलात तर ते तुमच्या शेतात नवीन बोअर मारून देणार आहेत. कागद कोरा आला तर मी दुसरीकडे काम बघावं, असंही म्हणाले. आवाज न चढवता म्हणाले, म्हणून ते खरं असावं.

कागदावर काय लिहिलंय ते प्रतीक्षा वाचून दाखवेलच. विहिरीच्या पाण्याला वास नाही, चव उत्तम आहे, कंपनीचा शेजार सुखाचा आहे आणि माझी कसलीही हरकत नाही, अशी चार वाक्यं आहेत. चारही मीच लिहिली आहेत. भाषा चांगली आहे, यापलीकडे त्यांच्याबद्दल काही म्हणता येत नाही. बोअरचं पाणी लागेल की नाही हे देव जाणे, पण साहेब शब्द दिला की पाळतात (तोंडी दिलेला. लिहिलेला ते वाचत नाहीत). तुमचं वय झालं, डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता या विहिरीसाठी तुम्ही कुणाशी भांडावं असं मी म्हणू शकत नाही. मी नोकर माणूस. माझ्या घरात चार तोंडं आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. मी काही सुचवत नाही. शिवप्पाला, वहिनींना नमस्कार, प्रतीक्षाला आशीर्वाद.

तरी सोबतच्या कागदावर अंगठा उठवून तो उलट टपाली पाठवावा, ही पुन्हा एकवार नम्र विनंती.

आपला आज्ञाधारक भाचा,
वैजनाथ

ता. क. साहेबांनी पत्र वाचलं. मुद्देसूद आहे म्हणाले आणि पाकिटात घालायला माझ्याकडे परत दिलं. डिंकाची बाटली माझ्याच टेबलावर असते.

ता. क. दुसरा. अंगठा उठवू नका. नोकरीचं माझं मी बघतो. येळवशीच्या चार दिवस आधी मी पुण्याला तुम्हाला घ्यायला येतोय, शिवप्पाला रजा नसली तरी हरकत नाही. एसटीत धूळ असते, तेव्हा डॉक्टरांचा काळा चष्मा लावून बसायचं, लाजायचं नाही. कोप मी उभी करतो, पांडवांना चुना लावतो, कडबा बंडप्पा देणार आहे. भज्जी आणि उंडे माझी बायको करेल. आंबील मात्र तुम्हीच करायची आणि रीतीप्रमाणे शेवटचा तांब्या आपल्या विहिरीचा घालायचा. साहेब येतील. आईला घाबरणारा माणूस आहे, तो येणारच. आल्यावर तुम्ही काही बोलू नका, नुसती वाटी पुढं करा. मॅडम तिथं असतील. टाकी त्यानंतर होईल, आधी नाही. कलम लिहून मला एवढंच कळलं आहे.

ता. क. तिसरा. प्रतीक्षा, हे हळू वाच, आजीला ऐकू आलं पाहिजे. साहेबांच्या आधी पहिली वाटी मला द्यायची, आत्या. चार वर्षांपूर्वी चर खणायच्या वेळी इंजिनिअरनं विचारलं होतं की इथल्या जमिनीचा उतार कुठं आहे. बाकी सगळे बाहेरचे होते. मी तेव्हा कामावर नवा होतो, आपण उपयोगाचे आहोत हे दाखवायची मला घाई होती. मी बोट करून ओढा दाखवला. ओढ्याचं पाणी कुठं मुरतं हे मला माहीत होतं, मी त्याच पाण्यात पोहायला शिकलो होतो. तुम्ही तांब्या खाली ठेवून मला विचारलंत तेव्हाही मला माहीत होतं.

आत्या, गेल्या साली पाऊस कमी झाला नव्हता.